खोटं आणि खोटं-खोटं

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास मी आमच्या इमारतीच्या मागे उकिडवी बसले होते. कुंपणाची भिंत आणि जमिनीखालची पाण्याची टाकी यांच्या मधे मातीचा एक पट्टा उरला आहे, तिथे. हात कोपरापर्यंत चिखलात. शेजारी चार विटा, एक फाटकं पोतं, मगात पाणी. फेरी मारत आमचे वॉचमन अण्णा आले, थबकले आणि त्यांनी विचारलं, "एन्न तेडरींग, मा?" काय शोधताय?

प्रश्न अगदी रास्त होता. वेलचेरीत चाळिशी उलटलेली बाई सकाळी सकाळी जमिनीवर बसलेली दिसली, तर एक तर ती कोलम काढत असते किंवा तिचं काहीतरी हरवलेलं असतं. कोलम दाराशी काढतात, इमारतीच्या मागे नाही. मी क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "सावी." किल्ली. (तमिळ सावी आणि आपली चावी एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. पण तेव्हा हे काही सुचलं नव्हतं. तोंडाला आला तो शब्द बोलले.)

अण्णांनी हातातली काठी भिंतीला टेकवली, खिशातून छोटा टॉर्च काढला आणि ते शोधायला लागले. घराची की गाडीची? मी म्हटलं, कपाटाची. खोट्याला तपशील लागतो. ते साठीच्या पुढचे आहेत, गुडघा दुखतो, तरी वाकून वाकून पाहत होते. भिंतीलगतच्या गटारावरची फरशी त्यांनी सरकवली आणि आत हात घातला. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. शेवटी मीच म्हटलं, "असू द्या अण्णा, दुसरी आहे घरात." ते हात धुवायला गेले आणि मी पोतं-विटा टाकीच्या आड लपवून वर आले.

खरं म्हणजे मी किल्ला करत होते.

*

दिवाळीतला किल्ला मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण माझ्यासारखी बरीच माणसं महाराष्ट्राबाहेर आहेत आणि त्यांच्या मुलांनी तो पाहिलेला नाही, म्हणून दोन ओळी. दगड-विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, त्याला डोंगराचे उतार द्यायचे, चिखलाचा लेप द्यायचा, वर हळीव किंवा मोहरी पेरायची. आठवड्यात डोंगर हिरवा होतो. मग बुरूज, पायऱ्या, गुहा, गुहेत वाघ, पायथ्याला तळं, माथ्यावर सिंहासनावर महाराज आणि वाटेवर मावळे. प्रमाणाशी कुणाला देणंघेणं नसतं. महाराज बुरुजाएवढे, भाजीवाली मावळ्याच्या दुप्पट, आणि तळ्याशेजारी शिट्टी फुंकणारा पोलीस.

मी साताऱ्याची. अजिंक्यतारा डोक्यावर आणि त्याच्या पायथ्याची माती घरात. आता इथे लिहायची सोयीस्कर गोष्ट अशी, की लहानपणी मी किल्ले करायचे, मग मोठी झाले, भाषांतराच्या धबडग्यात ते विसरले आणि परक्या शहरात मला ते पुन्हा सापडलं. असं लिहिलेलं मी बरंच वाचलंय. 'हरवलेलं बालपण' हा आता चांगला चालणारा माल आहे. पण माझ्या बाबतीत ते खरं नाही. किल्ला माझा भाऊ आणि त्याचे मित्र करत. मी पाच वर्षांनी लहान, त्यात मुलगी. मी होते कच्चं लिंबू.

कच्चं लिंबू ही आपल्याकडची मोठी सुंदर आणि थोडी क्रूर सोय आहे. त्याला खेळात घेतात. पण ते बाद झालं तरी बाद नसतं, आणि त्याच्यावर राज्य येत नाही. म्हणजे खेळाचे नियम त्याला लागत नाहीत, म्हणूनच खेळही पुरता लागत नाही. माझं काम पाणी आणायचं, पोतं भिजवायचं, हळीव पेरायचं. बुरूज कुठे असावा हे मला कुणी विचारलं नाही. त्यामुळे वेलचेरीत मी जे 'पुन्हा' करायला बसले, ते मी आधी कधी केलेलंच नव्हतं. आठवणीत होता फक्त ओल्या गोणपाटाचा वास.

*

मग मी खोटं का बोलले?

लाज वाटली, हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. मी रोज पहाटे तळ्याकाठी चालते, तेव्हा लाज वाटत नाही. तो व्यायाम असतो. काही वर्षं मी रविवारी सकाळी पळ्ळिकरणैच्या दलदलीवर पक्षी पाहायला जात होते. गळ्यात दुर्बीण असली की रस्त्याच्या कडेला तासभर नुसतं उभं राहिलं तरी कुणी काही विचारत नाही. ही दलदल वेलचेरीच्या दक्षिणेला अगदी लागून आहे. २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळालं. पाणकोंबड्या, कमळपक्षी, शराटी, पेलिकन आणि नशीब असेल तर रोहित, हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पेरुंगुडीचा कचरा डेपो. त्याच कडेने कचरा वेचणारी माणसंही वाकून काहीतरी शोधत असतात. त्यांना मात्र कुणी 'काय हरवलं' म्हणून विचारत नाही.

पक्षी पाहण्यात मला आनंद होता, नाही असं नाही. पण तिथे माझ्याकडे यादी होती, नावं होती, आज किती प्रकार दिसले याचा आकडा होता. मी घरी येऊन तो आकडा कुणाला तरी सांगत असे. फ्रेंच विचारवंत रॉजर काय्वाने १९५८च्या आपल्या पुस्तकात खेळांची दोन टोकं मांडली आहेत. एका टोकाला मोकाट, उसळणारा, नियम नसलेला खेळ. दुसऱ्या टोकाला नियमांचा, कसबाचा, मुद्दाम अवघड करून ठेवलेला. वय वाढतं तसे आपण दुसऱ्या टोकाकडे सरकतो, असं नेहमी म्हटलं जातं. मला वाटतं, आपण त्याच्याही पलीकडे जातो. आपल्याला खेळायला निमित्त लागतं. मूल बरोबर असलं पाहिजे, म्हणजे त्याच्यासाठी खेळतो म्हणता येतं. डॉक्टरांनी सांगितलेलं असलं पाहिजे. फोटो तरी काढला पाहिजे. मन हलकं होतं, ताण कमी होतो, कल्पकता वाढते, ही सगळी त्याच जातीची निमित्तं. ज्या खेळाचा फायदा सांगता येतो त्यात खेळ किती आणि औषध किती, हा प्रश्न उरतोच.

अण्णांना मी काय सांगायला हवं होतं, ते मला जिना चढताना सुचलं. तमिळमध्ये त्यासाठी नेमका शब्द आहे: सुम्मा. काय करताय? सुम्मा. का आलात? सुम्मा. विनाकारण, सहज, नुसतं, गंमत म्हणून, फुकट, गप्प. हे सगळे अर्थ त्या एका शब्दात राहतात. तमिळ शैव परंपरेत तर 'सुम्मा असणं' ही मोठी साधना मानली आहे. मराठीत त्याच्या जवळचा शब्द 'उगीच'. पण उगीचमध्ये कुणीतरी रागे भरल्याचा आवाज आहे. उगीच कशाला हात घाण करतेस. सुम्मात तो नाही. तरी मला तो शब्द वापरायचं धाडस झालं नाही, कारण सुम्मा म्हणायला आपण त्या गावचे असावं लागतं. चौदा वर्षांनंतरही मी या गावात पाहुण्यासारखी नीटनेटकी वागते.

*

दुपारी मला झोप लागली नाही. डोळ्यासमोर गटारात घातलेला तो हात येत होता.

गंमत बघा, मी जे करत होते तेही खोटंच होतं. चार विटांना डोंगर म्हणणं, मगभर पाण्याला तळं म्हणणं. पण मराठीत त्याला खोटं म्हणत नाहीत, खोटं-खोटं म्हणतात. शब्द दोनदा उच्चारला की त्याची नीतीच बदलते. खोटं बोलणं पाप; खोटं-खोटं रडणं, खोटं-खोटं जेवण, खोटं-खोटं लग्न यात पाप नाही. लुटुपुटूची लढाई, लटका राग हेही त्यातलंच. फरक काय? खोट्यात एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं. खोट्या-खोट्यात दोघांनाही माहीत असतं, आणि माहीत असूनही दोघं ते चालवतात. तो करार असतो. म्हणून पोर म्हणतं, "हं, आता तू आजारी", आणि आपण आडवे पडतो. त्या कराराशी कुणी बेइमानी केली, तर मुलं किती खवळतात ते आठवून पाहा. खोट्या-खोट्या चहाचा कप तुम्ही न पिता खाली ठेवून बघा.

खेळणाऱ्या माणसाला भाबडं समजतात. उलट, लटकं आणि खरं यांतला फरक ज्याला पक्का कळतो त्यालाच लटकं खेळता येतं. मी भाषांतर करते म्हणजे वेगळं काय करते? जे माझं नाही ते 'मी' म्हणून लिहिते. वाचकाला हे माहीत असतं, मलाही माहीत असतं, म्हणून ते चालतं. आणि त्या दिवशी, खेळायची लाज वाटून, मी खोट्या-खोट्यातून उठून सरळ खोट्यात गेले. एका म्हाताऱ्या माणसाला मी नसलेली किल्ली शोधायला लावली. त्याने ती शोधली, कारण माझं काही हरवलं तर ते शोधणं हा त्याच्या नोकरीचा भाग आहे, असं त्याला वाटतं. हे मला फार लागलं. मोठ्या माणसाने खेळावं की खेळू नये, या प्रश्नावर सौंदर्यशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलंय. शिलर तर माणूस खेळतो तेव्हाच पुरता माणूस असतो, इथपर्यंत गेला. पण माझ्यासमोरचा प्रश्न साधा होता. आपण खेळत असताना दुसऱ्या कुणाला त्याची किंमत तर मोजावी लागत नाही ना?

संध्याकाळी खाली गेले. अण्णा गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, "अण्णा, सावी हरवली नव्हती." ते नुसते पाहत राहिले. मी टाकीमागची पोतं-विटा दाखवली आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, की आमच्याकडे दिवाळीला मातीचा कोट्टै करतात. मुलं करतात. मी सुम्मा करत होते.

"सुम्मावा?" ते म्हणाले. रागावले असावेत. रागावण्याचा हक्क होता त्यांना. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "कोट्टैला तीन डोंगर हवेत."

अण्णा जिंजीजवळच्या एका खेड्यातले. जिंजीला खरोखरच तीन डोंगर आहेत: राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग. मोठमोठ्या गोलसर शिळा एकावर एक रचल्यासारखे. लहानपणी ते तिथे शेळ्या राखत. शेळ्या चरत असताना तटावरून खाली दगड सोडायचे आणि कुणाचा पुढे जातो ते पाहायचं. संध्याकाळी एखादी शेळी कमी भरली की मार. खेळ आणि काम त्यांच्या सांगण्यात इतकं मिसळलेलं होतं, की कुठलं कुठे संपतं ते मला कळलं नाही, आणि त्यांनाही ते वेगळं करून सांगावंसं वाटलं नसावं.

मी म्हटलं, जिंजी आमच्या शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतला. पुढे राजाराम महाराज १६८९ साली तिथे आले, आणि मोगलांचा वेढा आठेक वर्षं चालला. अण्णांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. जिंजी देसिंगु राजाचा. म्हणजे तेजसिंगाचा, जो १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना तरुणपणी मारला गेला आणि ज्याची कथा तमिळमध्ये आजही गातात. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, बारावा जिंजी. माझ्या सातारच्या नातेवाइकांनी ती बातमी मला किती वेळा पाठवली असेल! अण्णांना ती ठाऊक नव्हती.

*

मग तीन डोंगर झाले. माती कमी पडली तेव्हा अण्णांनी नळाच्या खोदकामातून निघालेली दोन घमेली आणून टाकली. काळी, चिकट, शंखांचे तुकडे असलेली. एकेकाळी इथे पाणी होतं याचा आणखी पुरावा नको. वेलचेरीचं तळं आता आहे त्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं, आणि आमच्यासारख्या इमारती त्याच्याच अंगावर उभ्या आहेत. घर घेताना आम्ही कागद पाहिले, माती पाहिली नाही.

तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी सोमवारी शाळेतून येऊन उभी राहिली आणि तिचा पहिला प्रश्न होता, "आंटी, हा कुठल्या विषयाचा प्रोजेक्ट?" नऊ वर्षांच्या मुलीलाही निमित्त लागतं, हे पाहून मला वाईट वाटलं. नाही म्हटल्यावर तिने पुन्हा विचारलं, मार्क नाहीत? मार्क नाहीत. मग ती वर गेली आणि येताना नवरात्रातल्या कोलुच्या पेटीतून एक हात मोडलेला चेट्टियार घेऊन आली. डाळ-तांदळाची दुकानं मांडून बसलेले चेट्टियार आणि त्याची बायको, ही कोलुतली नेहमीची जोडी. बायको तिच्या आजीने दिली नाही. आमच्या जिंजीच्या माथ्यावर, महाराजांच्या जागी, हा गलेलठ्ठ वाणी बसला. किल्ला राजारामाचा की देसिंगुचा, हा वाद तिने एका वाक्यात मिटवला: कोट्टै चेट्टियारचा, राजे भाडेकरू. वेलचेरीत वाढलेल्या मुलीला जमिनीचं अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही.

मी मोहरी पेरली. ते मला येत होतं.

त्या दोन दिवसांत मला काय झालं ते सांगायचा प्रयत्न करते, जमेल तेवढा. पहिल्यांदा मी स्वतःला पाहत होते: बघा, मी खेळते आहे. मग दुसऱ्या डोंगराची वाट कुठून न्यावी यावरून त्या मुलीशी माझा खरोखरीचा वाद झाला आणि पाहणारी मी कुठेतरी गेली. वाट पश्चिमेकडून न्यायची तर तिथे एक गांडूळ वर येत होतं. मुलगी म्हणाली, तो ड्रॅगन नाही, तो भुयार खणणारा आहे, त्याचा पगार ठरवा. त्यानंतर गांडूळ कुठे जातं तशी वाट वळत गेली. ब्रिटिश बालमनोविश्लेषक विनिकॉटचं एक म्हणणं मला फार आवडतं. मूल ज्या वस्तूला जीव लावतं तिच्याबद्दल, हे तू बनवलंस की तुला सापडलं, हा प्रश्न त्याला कधी विचारायचा नाही, असा आपला आणि त्याचा अलिखित करार असतो. ती गांडुळाची वाट आम्ही बनवली की सापडली? मला वाटतं, बंद खोलीतल्या खेळापेक्षा मातीतल्या खेळात हा प्रश्न जास्त विरघळतो, कारण माती आपलं सगळं ऐकत नाही. ती कोसळते, तिच्यातून कुणीतरी बाहेर येतं. खेळात तिसरा गडी असतो आणि त्याला नियम सांगता येत नाहीत.

*

ईश्वराने हे जग का निर्माण केलं, यावर बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत एक छोटंसं सूत्र आहे. ज्याला काहीच कमी नाही त्याला निर्मितीचं प्रयोजन काय, असा आक्षेप येतो. उत्तर असं, की लोकांत जसा खेळ दिसतो तशी ही नुसती लीला. सुम्मा, म्हणा ना. शंकराचार्यांनी भाष्यात त्याला दोन दाखले दिले आहेत. एक, ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा क्रीडेत रमतो, तसं. दुसरा, श्वास-उच्छ्वास कुठल्या बाहेरच्या हेतूशिवाय आपोआप चालतात, तसं.

एम.ए.ला हे वाचलं तेव्हा दोन्ही दाखले मला सारखेच वाटले होते. आता वाटत नाहीत. खेळ हा राजाचा असेल तर तो उरलेल्या वेळेचा, भरल्या पोटाचा आहे. मग वेलचेरीत तो मला परवडतो, अण्णांना परवडत नाही, आणि मी त्याबद्दल गप्प बसलेलं बरं. खेळ श्वासासारखा असेल तर तो सगळ्यांचा आहे, आणि कुणाचा तरी तो कोंडला जातो, हा अन्याय आहे. मी अनेक दिवस या दोन दाखल्यांमधे अडकले आहे.

कारण इथली माती सगळ्यांना सारखी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात वेलचेरीतल्या एका बांधकामाच्या खोल खड्ड्यात माणसं अडकली. दोन कामगारांचे मृतदेह बाहेर काढायला कित्येक दिवस लागले. पंपाने पाणी उपसत होते आणि ते पुन्हा भरत होतं. मी जिथे उकिडवी बसते तिथून ती जागा काही लांब नाही. आणि त्याआधी २०१५. १ डिसेंबरच्या रात्री आमच्या गल्लीत पाणी चढलं आणि दुसऱ्या दिवशी माणसांना होडीतून नेलं. पावसाळ्यात गल्लीत कागदी होड्या सोडणारी मुलं तेव्हा खऱ्या होडीत बसून गप्प होती. कितीतरी दिवस इमारतीतल्या कुणालाही पाणी गमतीचं वाटलं नाही. हुइझिंगाने खेळाला रोजच्या जगण्यापासून वेगळं काढलेलं रिंगण म्हटलं आहे. रिंगणात शिरलं की बाहेरचं बाहेर. नेदरलँड्समधल्या माणसाने हे म्हणावं याचं मला नवल वाटतं, तिथेही समुद्र बांधाच्या पलीकडेच असतो. वेलचेरीत तरी रिंगणाच्या आत बाहेरचं पाणी येतंच.

मग माझं उत्तर काय? अण्णांनी मला एक दिलं, पण त्यांनी ते उत्तर म्हणून दिलं नव्हतं. मंगळवारी त्यांनी स्वतःहून तिसऱ्या डोंगरावर एक चपटा दगड बसवला, लांब जाऊन पाहिला, परत येऊन थोडा फिरवला, पुन्हा लांब गेले. गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्यांनी तो वाजू दिला. राजाचा दाखला तिथे मला लागू करता येईना.

*

दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या वेळी, इथे एकमेकांना 'गंगास्नान झालं का' म्हणून विचारतात. त्या वर्षी गंगाच खाली आली. ईशान्य मोसमी पाऊस दिवाळीची वाट पाहत नाही. साताऱ्यात किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो, कारण तिथे पाऊस संपल्यावर दिवाळी येते. इथे ती पावसाच्या तोंडात येते. किल्ला चेन्नईत का करत नाहीत, याचं साधं कारण ते आहे, आणि ते मला आधी सुचलं नव्हतं.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक तमिळ शब्द अडून बसला होता: सिट्रिल. छोटं घर. मुली खेळताना वाळूत घर बांधतात ते. तमिळमध्ये पिळ्ळैतमिळ नावाचा एक काव्यप्रकार आहे, देवाला किंवा थोर पुरुषाला बाळ मानून त्याच्या वाढीच्या दहा अवस्था गाणारा. त्यांतली एक अवस्था मुलग्याने मुलींची ही घरं लाथेने मोडण्याची, आणि कविता मुलींच्या तोंडी: मोडू नकोस. आंडाळच्या नाच्चियार तिरुमोळीतलं दुसरं दशकही हेच. दिवसभर पाठ मोडून बसून आम्ही हे घर केलंय, ते मोडू नकोस म्हणून मुली कृष्णाला विनवतात. मराठीत काय म्हणावं? वाळूचं घर म्हटलं तर खेळ जातो. भातुकली म्हटलं तर वाळू जाऊन भांडी येतात. घरकुल छान होता, पण आता घरकुल म्हटलं की ग्रामपंचायत आठवते.

मला त्या कवितेत खुपत आलंय ते हे, की मोडणाराही खेळतोच आहे. त्याची लीला, यांचं घर. दोन खेळ एकमेकांवर आदळले तर मोठ्याचा खेळ जिंकतो, आणि भक्तीने त्याला गोड म्हणायचं. पाऊस पडायला लागला तेव्हा मी वरून ताडपत्री आणायला धावले. मुलगी छत्री घेऊन खाली आली होती, पण छत्री तिने स्वतःवर धरली होती, किल्ल्यावर नाही. मी म्हटलं, चल, झाकू या. ती म्हणाली, "थांबा ना आंटी, कुठून जातंय बघू."

आम्ही बघितलं. पहिल्यांदा पश्चिमेची वाट गेली, गांडुळाची. मग मधला डोंगर बसला. पाणी तळ्यात न थांबता उजवीकडे वळलं आणि भिंतीच्या एका कोपऱ्याशी जाऊन गोल फिरू लागलं. तिथे भिंतीत एक बुजवलेलं भोक आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, ते पूर्वी उघडं होतं, पाणी तिथून तळ्याकडे जायचं. वास येतो म्हणून कुणीतरी बुजवलं. चौदा वर्षं मी या जमिनीवर राहते, २०१५ मध्ये तिच्यावर होडी पाहिली, आणि आपल्या अंगणाचा उतार कुठल्या दिशेला आहे हे मला मातीचा किल्ला वाहून जाताना कळलं. चेट्टियार तेवढा उरला, चिखलात बसलेला, दुसराही हात मोडलेला. आजीला काय सांगायचं, हा प्रश्न मात्र खराखुरा होता.

*

महिनाभराने इमारतीच्या बैठकीत मागच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय निघाला. चिखल होतो, डास होतात, दोन गाड्यांची जागा होईल. मी विरोध केला. तमिळनाडूत २००३ पासून पाऊसपाणी जमिनीत मुरवणं सक्तीचं आहे, बुजवलेलं भोक उघडलं पाहिजे, उघडी माती पाणी पिते, पुन्हा पूर आला तर, असं सगळं मी बोलले. सगळं खरं होतं. फक्त माझं कारण ते नव्हतं, आणि हे मला बोलता बोलता कळत होतं. 'मी तिथे खेळते' असं म्हणायला तोंड उघडलं नाही. अण्णा दाराशी उभे राहून ऐकत होते. वॉचमनला मत नसतं.

भोक उघडायचं ठरलं. पेव्हरचा निर्णय पोंगलनंतरवर ढकलला आहे. तोवर त्या पट्ट्यात वाहून गेलेली मोहरी भिंतीच्या कडेने वाटेल तशी उगवली आणि आता पिवळी झाली आहे. मी अधूनमधून खाली जाऊन बसते. मुलगी परीक्षेमुळे कधी येते, कधी नाही. अण्णा फेरीवर आले की काठी टेकवून विचारतात, "सावी किडैच्चुदा, मा?" किल्ली मिळाली का? मी म्हणते, अजून नाही. ते दोन पावलं वाकून इकडेतिकडे पाहतात, टॉर्च मारतात, गुडघा धरून सरळ होतात आणि पुढे जातात.